मेलेल्या राजांचे देव आणि जिवंत रयतेची चांदी

आपले आजे-पणजे चांदीचा रुपया हातांत आला म्हणजे तो आधीं दगडावर वाजवून घेत. त्यावर राणीचें तोंड आहे कीं राजाचें, याच्याशीं त्यांना कर्तव्य नसे. नाद खणखणीत निघाला तर रुपया कनवटीला लागे, बद्द निघाला तर देणाराच्या हातावर परत जाई. बाजारांत बसलेली माळीण असो, बैल विकणारा कुणबी असो, कीं हंडे ठोकणारा तांबट असो, ही परीक्षा कोणाला शिकवावी लागत नसे. नाण्यावरचा छाप हें बोलणें आणि नाण्यांतली चांदी ही करणी. बोलणें व करणी जुळतात कीं नाहीं हें दगड सांगतो. आज आम्ही वाचकांपुढें जीं नाणीं ठेवीत आहोंत तीं सतराशें ते दोन हजार वर्षांपूर्वींच्या रोमन बादशाहीचीं आहेत. त्यांवरचा छाप देवाचा आहे. तीं एकदां दगडावर वाजवून पाहूं.

रोमची बादशाही म्हणजे लहानसहान राज्य नव्हतें. आजचे इटली, फ्रान्स, स्पेन, ग्रीस, तुर्कस्तान, सीरिया, मिसर, उत्तर आफ्रिकेचा किनारा आणि इंग्लंडचा मोठा भाग एवढा मुलूख एका गादीच्या हाताखालीं होता. त्या राज्याचें चांदीचें नाणें म्हणजे दिनारियस. आपल्या जुन्या ग्रंथांत 'दीनार' शब्द येतो तो याच शब्दावरून आलेला आहे. इ. स. २४९ सालीं डेसियस नांवाचा सरदार फिलिप बादशहाला लढाईंत पाडून गादीवर बसला. त्याच्या कारकिर्दींत मेलेल्या बादशहांच्या तोंडांचीं चांदीचीं नाणीं पाडलीं गेलीं असें विद्वान आज मानतात. तीं तोंडें अकरा आहेत: ऑगस्टस, व्हेस्पेझियन, टायटस, नर्व्हा, ट्रेजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॉमोडस, सेप्टिमियस सेव्हेरस आणि सेव्हेरस अलेक्झांडर. प्रत्येक नांवापुढें 'डिव्हो' असा शब्द आहे, म्हणजे 'देव झालेल्याला'. पाठीमागें 'कॉन्सेक्रॅशिओ' असें आहे, म्हणजे त्याची देवांत स्थापना झाली. आणि चित्र काय? एक तर गरुड, नाहीं तर पेटलेली वेदी. देव अकरा आणि पाठीमागचीं चित्रें दोनच! हें ध्यानांत ठेवा, पुढें कामास येईल.

हीं नाणीं आज मोठमोठ्या संग्रहालयांत मखमलीवर मांडलेलीं असतात. तीं पाहून कित्येक शहाणे म्हणतात, 'काय ही पूर्वजांवरची भक्ति! काय ही कृतज्ञता!' आमचें म्हणणें याच्या उलट आहे. हे देव रयतेनें केले नाहींत. ते जिवंत गादीवाल्यांनीं आपल्या सोयीसाठीं केले, त्यांचा खर्च कर भरणाऱ्या रयतेवर पडला, आणि राजाला देव केल्याबरोबर त्याच्या कारभाराचा हिशेब मागण्याची वाट बंद झाली. हें आम्ही रागानें बोलत नाहीं. रोमच्याच इतिहासकारांनीं लिहून ठेवलेल्या गोष्टींवरून बोलतों.

आधीं देव होण्याची रीत ऐका. बादशहा मेला म्हणजे सेनेटांत, म्हणजे रोमच्या बड्या लोकांच्या सभेंत, ठराव येई कीं हा आतां देव झाला. ठराव झाला कीं देऊळ, पुजारी, उत्सव, नाणें हीं ओळीनें मागून येत. पण नुसत्या ठरावावर लोकांचा भरंवसा कसा बसावा? इ. स. १४ सालीं ऑगस्टस मेला तेव्हां न्युमेरियस अॅटिकस नांवाच्या सेनेटरानें शपथेवर सांगितलें कीं, बादशहा स्वर्गांत चढतांना मीं पाहिला. डिओ हा इतिहासकार स्वतः सेनेटर होता. तो लिहितो कीं, या शपथेबद्दल ऑगस्टसच्या विधवेनें, लिव्हियाबाईनें, त्याला दहा लक्ष सेस्टर्स दिले. चार सेस्टर्सचा एक दिनारियस, म्हणजे हीं अडीच लक्ष चांदीचीं नाणीं झालीं. त्या काळीं पायदळांतल्या शिपायाला सालाचा पगार सव्वादोनशें दिनारियस मिळे. हिशेब तुम्हीच करा. हजारावर शिपायांनीं वर्षभर उन्हापावसांत भाला खांद्यावर वाहून जें मिळवायचें, तें या गृहस्थानें एका शपथेंत मिळविलें.

पुढें इ. स. ३८ सालीं कॅलिगुला बादशहाची बहीण ड्रुसिला मेली. तिलाही देवी करण्यांत आलें. त्या वेळीं लिव्हियस जेमिनियस नांवाच्या सेनेटरानें, खोटें बोलत असेन तर माझा व माझ्या पोरांचा नाश होवो, अशी आण घेऊन सांगितलें कीं, बाई स्वर्गांत जातांना व देवांशीं बोलतांना मीं पाहिली. त्यालाही दहा लक्षच मिळाले. अशा साक्षीचा बाजारभाव ठरूनच गेला होता असें दिसतें!

आतां सोंगाची गोष्ट. सेप्टिमियस सेव्हेरस इ. स. २११ सालीं इंग्लंडांत यॉर्क येथें मेला. तेथेंच त्याचें दहन झालें व राख तेवढी रोमला आणली. इकडे रोममध्यें त्याचा मेणाचा पुतळा करून हस्तिदंती पलंगावर निजविला. हेरोडियन नांवाचा इतिहासकार ही सारी हकीकत देतो. सात दिवसपर्यंत पुतळ्याच्या एका बाजूला काळ्या कपड्यांत सेनेटर बसले, दुसऱ्या बाजूला बड्या घरच्या बायका पांढरीं वस्त्रें नेसून बसल्या. रोज वैद्य येत, मेणाला तपासल्यासारखें करीत आणि म्हणत कीं, आज दुखणें वाढलें. ज्याची राख आधींच डब्यांत भरून आली, त्याचें दुखणें वाढतें! सातव्या दिवशीं तो 'मेला'. मग मैदानांत मजल्यांवर मजले चढविलेली लांकडी चिता उभी केली, तिला जरीचीं वस्त्रें लावलीं, आंत सुगंधी पदार्थांच्या राशी ओतल्या आणि आग दिली. वरच्या मजल्यावर आधींच एक गरुड आणून ठेवला होता, तो सोडला. तो उडाला कीं लोकांनीं समजावें, बादशहाचा आत्मा स्वर्गांत चालला. नाण्यावरचा गरुड तो हाच. पाखरूं बिचारें आगीला भिऊन उडालें आणि त्यावर एका घराण्याचें देवपण उभें राहिलें!

कोणी विचारील, एवढें सोंग कशासाठीं? मेलेल्याला त्याचा काय उपयोग? खरें आहे, मेलेल्याला कांहीं उपयोग नाहीं. उपयोग वारसाला. ज्यूलियस सीझर मारला गेला आणि इ. स. पूर्वीं ४२ सालीं सेनेटानें त्याला देव ठरविलें. त्याच्या मृत्युपत्रानें दत्तक झालेला पोरगा ऑक्टेव्हियन, म्हणजेच पुढचा ऑगस्टस, त्या दिवसापासून आपल्या नांवापुढें 'देवाचा मुलगा' असें लिहूं लागला. सीझरच्या स्मरणार्थ खेळ चालू असतां आकाशांत शेंडेनक्षत्र दिसलें होतें. तोच सीझरचा आत्मा असें ठरवून त्याचें चित्र पुढें ऑगस्टसनें चांदीच्या नाण्यावर काढलें. देव बाप, नाणें पोराचें!

याहून उघड गोष्ट हेड्रियनची आहे. तो इ. स. १३८ सालीं मेला. त्यानें कांहीं बड्या लोकांचे प्राण घेतलेले असल्यामुळें सेनेट त्याला देव करीना. तेव्हां त्याचा दत्तक पुत्र अँटोनायनस सभेपुढें उभा राहिला आणि त्यानें बजावलें कीं, हेड्रियन देव ठरत नसेल तर त्याचे सारे हुकूम रद्द होतात, आणि माझें दत्तकविधानही त्या हुकुमांतच आहे, म्हणून मीही तुमचा बादशहा राहत नाहीं. सेनेट वरमली. ठराव पास झाला. वाचकहो, दत्तकाचा तंटा म्हणजे काय हें तुम्हांला सांगायला नको. आपल्याकडे दत्तकाला कागद लागतो, साक्षी लागतात. रोमला दत्तकाचा कागद पक्का करायला बापाला देव करावें लागलें. देवपण म्हणजे तेथें वारसाचा दाखला होता.

आणि सेव्हेरस? त्याचा गादीशीं रक्ताचा संबंध नव्हता. तो लढाया जिंकून आला होता. त्यानें इ. स. १९५ च्या सुमारास स्वतःच जाहीर केलें कीं मी मार्कस ऑरेलियसचा मुलगा आहें. मार्कस मरून तेव्हां पंधरा वर्षें झालीं होतीं. आपल्याकडे बाप मुलाला दत्तक घेतो, येथें मुलानेंच बाप दत्तक घेतला! मार्कसचा खरा मुलगा कॉमोडस, म्हणून तो सेव्हेरसचा भाऊ झाला. हा कॉमोडस इतका जुलमी कीं इ. स. १९२ च्या शेवटच्या दिवशीं त्याचा गळा दाबून खून झाला, तेव्हां याचें प्रेत आंकडा लावून ओढा, असा सेनेटरांनीं ओरडा केला होता. पण भाऊ नरकांत आणि आपण गादीवर हें सेव्हेरसला कसें शोभावें? इ. स. १९७ सालीं त्यानें कॉमोडसला देव करविलें. ज्या सभेनें आंकडा मागितला त्याच सभेनें हात जोडले. डेसियसच्या अकरा देवांत हा कॉमोडसही आहे.

येथें कृतज्ञतावाले आडवे येतील. ते म्हणतील, 'सगळेच कॉमोडस नव्हते. कांहींनीं रयतेचें भलें केलें.' कबूल! आम्ही खऱ्याला खोटें म्हणणारे नव्हे. हेड्रियननें इ. स. ११८ सालीं सरकारची थकलेली येणीं माफ केलीं. रक्कम नव्वद कोट सेस्टर्स होती. थकबाकीचे कागद ट्रेजनच्या चौकांत आणून जाळले. सावकाराच्या वहीची धास्ती ज्यांनीं सोसली आहे त्यांना त्या आगीची ऊब लांबूनही कळेल. या गोष्टीचेंही नाणें आहे. त्यावर सरकारी शिपाई मशालीनें कर्जाच्या कागदांच्या ढिगाला आग लावतो आहे आणि किती रक्कम सोडली तो आंकडाही आहे. असें नाणें कोणीं हवें तितकें पाडावें, आम्ही डोक्याला लावूं. पण तें नाणें पितळेचें, सेस्टर्सचें.

आतां डेसियसनें पाडलेलें हेड्रियनचें चांदीचें नाणें उलटून पाहा. तेथें मशाल नाहीं, कागदांचा ढीग नाहीं, आंकडा नाहीं. गरुड किंवा वेदी, बस्स! तोच गरुड मार्कस ऑरेलियसच्या मागें, तोच कॉमोडसच्या मागें. ज्यानें येणीं माफ केलीं तो आणि ज्याला आंकड्यानें ओढायला निघाले होते तो, दोघे एका पंक्तीला, एका पत्रावळीवर! हाच आमचा मुख्य आक्षेप आहे. माणूस म्हणून राजाचें बरें-वाईट सांगतां येतें, यानें इतकें दिलें, त्यानें इतकें लुबाडलें, असें बोट ठेवतां येतें. देव झाला कीं बोट ठेवायला जागा उरत नाहीं. चांगल्याचें चांगलें काम त्या गरुडाच्या पंखाखालीं झांकलें जातें आणि वाइटाचें पापही त्याच पंखाखालीं लपतें. यांत चांगल्या राजाचाही अपमानच आहे.

देवपण गुणावर मिळत नसे याचा आणखी एक दाखला देतों. डोमिशियन बादशहाचा मुलगा लहानपणींच वारला. इ. स. ८२-८३ च्या सुमारास त्याची नाणीं निघालीं. चिमणा मुलगा पृथ्वीच्या गोलावर बसला आहे, भोंवतीं सात तारे आहेत आणि अक्षरें सांगतात कीं हा देव. लेंकरूं कोणाचेंही जावो, वाईटच. आईबापांच्या दुःखाची आम्ही थट्टा करणार नाहीं. पण त्याच सालीं त्या बादशाहींत कुणब्यांचीं, कुंभारांचीं, गुलामांचीं लेंकरें तापानें, भुकेनें गेलीं असतील, त्यांच्यासाठीं किती तारे उगवले?

आतां खर्चाकडे वळूं. देव झाला कीं देऊळ आलें, देऊळ आलें कीं वर्गणी आली. क्लॉडियस बादशहानें इ. स. ४३ सालीं इंग्लंड घेतलें. इ. स. ५४ सालीं तो मेला. बायकोनेंच विष घातलें असें रोमचे इतिहासकार लिहितात. तिचा मुलगा नीरो गादीवर बसला, क्लॉडियस देव झाला आणि 'देव क्लॉडियस' अशीं सोन्याचांदीचीं नाणीं निघालीं. इंग्लंडांत कॅम्युलोड्युनम, म्हणजे आजचें कोलचेस्टर, येथें त्याचें मोठें देऊळ उभें होतें. टॅसिटस इतिहासकार तेथली स्थिति सांगतो. पेन्शनीवर गेलेल्या रोमन शिपायांनीं तेथल्या लोकांना घरांतून हांकललें, शेतांतून काढलें, वर त्यांना गुलाम म्हणून हिणविलें. आणि ज्या स्थानिक लोकांना या देवाचे पुजारी नेमलें, त्यांना धर्माच्या नांवाखालीं आपली सारी मालमत्ता ओतावी लागली. जमीन गेली ती राजाच्या शिपायानें नेली, उरलेलें होतें तें राजाच्या देवानें नेलें. त्या लोकांना तें देऊळ म्हणजे कायमच्या गुलामगिरीचा किल्ला वाटे. इ. स. ६०-६१ सालीं बूडिका राणीच्या मागें ते उठले आणि त्यांनीं सारें गांव जाळलें. रोमन लोक देवळांत कोंडून घेऊन बसले, दोन दिवसांत तेंही पडलें. त्या बंडांत निरपराध माणसांची भयंकर कत्तल झाली, तिचें आम्ही समर्थन करीत नाहीं. पण लोकांनीं देवळालाच कां घेरलें, हें विचारल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

'पण त्या भोळ्या लोकांचा त्यावर विश्वास होता,' असें कोणी म्हणेल. कोणाचा विश्वास? क्लॉडियस देव झाला त्याच सुमारास दरबारांतल्या सेनेका पंडितानें त्याच्या स्वर्गारोहणाची टर उडविणारी चोपडी लिहिली. तींत स्वर्गांतले देव सभा भरवून त्याला हांकून देतात. व्हेस्पेझियन बादशहा मरणाच्या दारीं असतां, मी आतां देव होऊं लागलों वाटतें, अशी स्वतःचीच थट्टा करी. सोंग आणणारांना सोंग पुरतें ठाऊक होतें. विश्वास ठेवायचा तो कर भरणारानें. वरून कीर्तन, आंतून तमाशा!

आतां नाण्याला कस लावूं. ऑगस्टसचा दिनारियस सुमारें चार मासे वजनाचा आणि जवळजवळ शुद्ध चांदीचा. नीरोनें इ. स. ६४ सालीं त्याचें वजन साडेतीन माशांवर आणलें व चांदींत हीण वाढविलें. सेव्हेरसच्या वेळेस चांदी निम्म्यावर आली. इ. स. २१५ सालीं त्याच्या मुलानें, कॅराकॅलानें, एक नवें नाणें काढलें. तें दोन दिनारियसांना चालावें असा हुकूम होता असें बहुतेक विद्वान मानतात, पण चांदी त्यांत दीड दिनारियसाचीच. या नव्या नाण्याची खूण काय? बादशहाच्या डोक्यावर सूर्यकिरणांचा मुकुट. हा मुकुट पूर्वीं देव झालेल्या ऑगस्टसच्या डोक्यावर नाण्यांत दाखवीत. तो या चांदीच्या नाण्यावर जिवंत बादशहाच्या डोक्यावर आला आणि त्याच नाण्यांतून चांदी कमी झाली. डोक्यावर किरण वाढले, पोटांत हीण वाढलें!

डेसियसचे अकरा देव याच जातीच्या नाण्यावर आहेत. त्यांत चांदी शेंकडा चाळिसाच्या आसपास. म्हणजे चार माशांच्या नाण्यांत दीड-पावणेदोन मासे चांदी, बाकी तांबें. त्याच्या काळांतलीं कांहीं नाणीं तर जुने दिनारियस घेऊन त्यांवरच नवा छाप मारून केलेलीं आहेत. जुनें एक नाणें घ्यावें, वर छाप मारावा आणि दोन म्हणून चालवावें, असा तो धंदा. एखाद्या सोनारानें असें केलें असतें तर त्याला चावडीवर उभा केला असता.

याच डेसियसनें राज्यांतल्या सर्वांनीं देवांना बळी द्यावा, प्रसाद चाखावा आणि सरकारी पंचांपुढें तसें केल्याचा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. इ. स. २५० सालच्या जून-जुलैंतले असे चाळिसांवर दाखले मिसर देशाच्या वाळूंत सांपडले आहेत. त्यांतला एक ऑरेलियस डायोजेनीस नांवाच्या म्हाताऱ्याचा आहे. गांव अलेक्झांडरचें बेट, वय ७२, उजव्या भुंवईवर वण. बस्स, एवढीच त्याची ओळख. मीं देवांना नेहमींच बळी दिला, आतांही तुमच्यासमोर दिला, तसें लिहून द्या, असा त्याचा अर्ज. तिकडे टांकसाळींत अकरा बादशहा एका छापासरशीं देव होतात, इकडे बहात्तर वर्षांचा खेडूत आपण देव मानतों हें सिद्ध करायला वण दाखवीत उभा! ज्यांनीं दाखला घेण्याचें नाकारलें त्यांना तुरुंग, कित्येकांना मरण. या हुकुमानंतर वर्ष-दीड वर्षांतच, इ. स. २५१ सालीं, गॉथ लोकांशीं लढतांना डेसियस मुलासकट मारला गेला. अकरांपैकीं एकही गरुड मदतीला आला नाहीं.

पुढची पायरी मिसरांतल्या ऑक्सिरिंकस शहरांतली. इ. स. २६० सालचा एक सरकारी हुकूम तेथल्या कागदांत सांपडला आहे. सराफांनीं पेढ्या बंद केल्या होत्या. बादशहांचें नाणें ते घेईनात. अधिकाऱ्यानें फर्मावलें कीं पेढ्या उघडा आणि उघड खोटीं नाणीं सोडून बाकी सारें नाणें घ्या, नाहीं तर शिक्षा होईल. त्या हुकुमांत नाण्याला नांव काय दिलें आहे? बादशहांचें 'दैवी' नाणें! चांदी होती तोंवर नाणें आपल्या पायांनीं चाले. चांदी गेली तेव्हां त्याला दैवी म्हणावें लागलें, आणि दैवी म्हणूनही भागेना म्हणून दंडुका दाखवावा लागला.

शेवटचें नाणें दुसऱ्या क्लॉडियसचें. हा इ. स. २७० सालीं सांथींत मेला. शूर होता, गॉथांना त्यानें मोठा मार दिला होता. त्याच्यावर आमचा राग नाहीं. त्याला देव केलें आणि 'डिव्हो क्लॉडिओ' अशीं नाणीं निघालीं. मागें तोच गरुड, तीच वेदी. चांदी किती? शेंकडा दोन-तीन! साऱ्या नाण्यांत एक गुंजही चांदी भरत नाहीं. फ्रान्स-इंग्लंडांत त्याच्या नकला ढिगांनीं पाडल्या गेल्या. जेथें खऱ्यांतही चांदी नाहीं तेथें खोटें पाडायला कितीसा खर्च? नांव सोनूबाई आणि हातीं कथिलाचा वाळा! तीनशें वर्षांपूर्वीं देवाचा मुलगा म्हणविणारा शुद्ध चांदी देत होता. आतां खुद्द देव आला तो तांब्याचा.

या गोष्टीचा आपल्या मुलुखाशीं संबंध नाहीं असें समजूं नका. रोमचें चांदीचें नाणें गलबतांत भरून हिंदुस्थानांत येत होतें. मिरीं, मोतीं, तलम कापड घेऊन जायचें आणि नाणें ठेवायचें असा तो व्यापार. येथें, विशेषतः दक्षिणेंत, जीं चांदीचीं रोमन नाणीं सांपडलीं त्यांत ऑगस्टस व टायबेरियस यांचींच फार. दोघांच्याही नाण्यांवर 'देवाचा मुलगा' असें कोरलेलें आहे. आमच्या व्यापाऱ्यांनीं तीं त्या अक्षरांसाठीं घेतलीं काय? छे! नीरोनें चांदी कमी केल्यानंतरचीं चांदीचीं नाणीं इकडच्या ठेव्यांत विरळाच सांपडतात. प्लिनी नांवाचा रोमन लेखक सिंहलद्वीपाच्या राजाची गोष्ट सांगतो. रोमचे दिनारियस त्याच्यापुढें आले तेव्हां त्याला कौतुक वाटलें तें याचें कीं, तोंडें निरनिराळीं असून वजन सर्वांचें सारखें. त्या राजानें तोंड पाहिलें नाहीं, वजन पाहिलें. शहाणा होता.

वाचकहो, आमचें सांगणें थोडक्यांत असें. मेलेल्या माणसाचें चांगलें काम आठवावें, त्याचें नांव घ्यावें, त्याच्यासाठीं डोळ्यांत पाणी आणावें. कागदांचा ढीग जाळणाराची मशाल नाण्यावर काढावी. पण कोणी मेलेल्या राजाला देव म्हणून तुमच्या हातावर ठेवील, तेव्हां मखमलीवरच्या नाण्याला भुलूं नका. त्याला देव कोणीं केलें, त्यांत कोणाची गादी पक्की झाली, आणि ती चांदी कोणाच्या घरून आली, हे तीन प्रश्न विचारा. आपल्या आजे-पणज्यांनीं राणीचा रुपयासुद्धां न वाजवितां घेतला नाहीं. मग रोमचे हे देव तरी आपण न वाजवितां कां घ्यावे?